घोंगडीच्या आकाराची कविता

"वाकड्या ओळी जुळवून मिळतील का इथं?"

शालूनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नऊ मामांची नावं बसवायची होती आणि जागा होती सहांचीच.

"वाकड्या म्हंजे?"

"म्हणजे... चढणाऱ्या. उतरणाऱ्या. काही गोल फिरणाऱ्यासुद्धा." दारातला आवाज जरा घुटमळला. "खरं तर समोरच्या दुकानात जायचं होतं. पण ते बंद आहे."

"म्हंजे ते उघडं असतं तर आमच्याकडं आला नसता."

"नसतो आलो."

इतकं सरळ उत्तर सहसा गिऱ्हाइकाकडून येत नाही. शालूनं वळून बघितलं. तिशीच्या आतला, उंच, सावळा मुलगा. ऑक्टोबरच्या उन्हानं शर्ट पाठीला चिकटलेला. खिशात पेनाशेजारी स्टीलची छोटी पट्टी. आणि छातीशी एक निळी फाइल अशी धरलेली, जशी काही आत अंडी ठेवलीत.

शालू सोन्नर पिशोरहून शहरात येऊन चार वर्षं झाली होती. औरंगपुऱ्यात राजकुमारभाऊंचं दुकान. पुढं भाऊंचं झेरॉक्स मशीन, मागं शालूचा कॉम्प्युटर. पत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल, कुणाकुणाच्या कविता — सगळं तिच्या बोटांखालून जायचं. त्या चार वर्षांत माणसं ओळखायची तिची एक पद्धत तयार झाली होती. जो 'घाई नाही' म्हणतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर असतो. जो लई गोड बोलतो त्याच्या मजकुरात हमखास कुणाचीतरी बदनामी असते. आणि जो फाइल छातीशी धरतो... तो काहीतरी लपवतो.

"द्या इकडं," ती म्हणाली.

पहिल्याच पानावर किटली होती. काढलेली नव्हे, लिहिलेली. अक्षरांचंच पोट, अक्षरांचाच दांडा, आणि तोटीतून एकेक शब्द विरळ होत वर निघालेला. पुढच्या पानावर विंचू. त्याच्या नांगीची ओळ वळत वळत वर जायची आणि टोकाला नेमका 'डंख' हा शब्द. मग जिना, मग रेल्वेचं फाटक. शालूला आवडलं, पण ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"मी चिकलठाण्याला कंपनीत आहे. साच्यांची ड्रॉइंगं करतो," तो सांगत होता. "सत्यम ठोंबरे. मूळ वैजापूरचा. मापं सगळी लिहून ठेवलीत, बघा, प्रत्येक ओळीची..."

ती पानं उलटत होती. आठव्या पानावर तिचा हात थांबला.

बाप
बसलाय
माळावर एकटा
घोंगडीची खोळ घेऊन
पाऊस त्याच्या पाठीवर उभा
खोळीत एक कोकरू, आजच जन्मलेलं
आणि मी घरात, चुलीपाशी कोरडी बसून
पावसाळ्यावर निबंध लिहितेय, एकच ओळ झालेली

डोक्यावरून घोंगडीची दुमडलेली खोळ घेऊन उकिडवा बसलेला माणूस. वर टोक, खाली पसरट. लांबून बघितलं तर ओळी दिसत नाहीत, माणूसच दिसतो.

शालूनं ओळी पुन्हा वाचल्या. ही कविता तिची होती. अठराव्या वर्षी कन्नडच्या कॉलेजात असताना तिनं ती लिहिली होती. बाप मेंढपाळ, त्यावरून वर्गातल्या मुली तिला 'मेंढरं' म्हणून चिडवायच्या, म्हणून वार्षिकांकात द्यायच्या वेळी खाली स्वतःचं नाव घालायचा धीर झाला नव्हता. 'बिननावी' असं टोपणनाव दिलं होतं. सरांना कागद दिला तोही टेबलावर ठेवून पळ काढून. पुढं अंक आला, आईनं — कस्तुराबाईनं — तो एका पावसाळ्यात चूल पेटवायला घेतला, आणि विषय संपला. त्यानंतर तिनं कविता लिहिली नव्हती.

आणि आता ती इथं. एका परक्या माणसाच्या फाइलीत. वरच्या पानावर ठसठशीत: 'रेघोट्या — सत्यम ठोंबरे'.

"ही..." तिनं घसा साफ केला. "ही पण तुमचीच?"

त्यानं पंख्याकडं बघितलं. "फाइलीत आहे ना."

"ते दिसतंय. तुमची का, असं विचारलं."

"जुळवताना... तेवढा उतार ढळू देऊ नका. दोन्ही बाजूंनी सारखा आला पाहिजे." आणि तो पट्टी काढून माप दाखवायला लागला.

चोर! शालू मनात म्हणाली. वर मात्र एवढंच म्हणाली, "शुक्रवारी या."

ती तिथंच ओरडली असती. पण हातात पुरावा काय? अंक नाही, वही नाही, नावही आपणच घातलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे, तिला बघायचं होतं की हा गृहस्थ कुठवर खोटं रेटतो.

*

सत्यमच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी असायची. दर शुक्रवारी दुपारी तो यायचा, शालूच्या मागच्या बाजूला स्टूल ओढून बसायचा आणि दोघं मिळून ओळी वाकवायचे.

ते काम सोपं नव्हतं. मराठी अक्षरांच्या डोक्यावरची रेघ वळणावर तुटायची. जोडाक्षरं फुटायची. वेलांटी भलतीकडंच जाऊन बसायची. किटलीच्या तोटीवर त्यांचा सगळा पहिला शुक्रवार गेला.

"तो 'ळ' जरा डावीकडं," तो म्हणायचा.

"किती?"

"केसभर."

"कुणाच्या केसाभर? माझ्या का तुमच्या?"

तो हसायचा. हसला की डाव्या गालावर एक घडी पडायची. शालूनं ती पहिल्याच दिवशी टिपली होती आणि स्वतःला बजावलंही होतं — चोरांना गालावर घड्या पडू नयेत असा काही कायदा नाही.

ती सहज विचारल्यासारखं विचारायची. "विंचू कुठं सुचला?" तो लगेच सांगायचा, कंपनीत एकदा साच्याच्या पेटीत विंचू निघाला, सगळे ऑपरेटर टेबलांवर चढले, आणि हा खाली कागदावर त्याची शेपटी काढत बसला. "जिना?" तोही सांगायचा. भाड्याच्या खोलीचा लोखंडी जिना, बावीस पायऱ्या, म्हणून बावीस ओळी. प्रत्येक आकाराला गोष्ट होती, गाव होतं, वार होता.

"अन् ती घोंगडीवाली?"

"ती..." तो पट्टी बोटांत फिरवायचा. "ती जुनी आहे."

बस्स. एवढंच. शालू मनात अजून एक खूण करायची.

तिसऱ्या शुक्रवारी त्यानं एक नवं पान आणलं. तीन ओळी एकमेकींत गुंफत, एकीखालून दुसरी काढत, पानाच्या तळापर्यंत उतरलेल्या. शेवटी एक छोटासा शब्द, गाठीसारखा. वेणी होती ती.

"कुणाची?" शालूनं विचारलं. आवाज वाजवीपेक्षा जरा कोरडा निघाला.

"बघून केलीय."

"कुणाला बघून?"

"चेहरा समोर नसतो तिचा. पाठमोरीच असते बराच वेळ. म्हणून... वेणीच तेवढी पाठ झाली."

शालूचा हात माउसवर तसाच राहिला. मागं स्टूल किंचित करकरलं. आपली वेणी पुढं घ्यावी की तशीच राहू द्यावी हे तिला कळेना. मग एकदम तिला वेगळीच शंका आली, आणि ती तिला बरी वाटली, कारण दुसऱ्या गोष्टीपेक्षा ती सोपी होती. ही पण चोरलेली असेल! संध्याकाळी तिनं वेणीतल्या ओळी एकेक करून इंटरनेटवर शोधल्या. कुठंच मिळाल्या नाहीत. त्याचा तिला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून राग आला.

"शालू," राजकुमारभाऊ मशीनमधून कागद काढता काढता म्हणाले, "ते पोरगं कविता छापायला येतंय का दुसरं काही?"

"लक्ष हाय माझं त्याच्यावर, भाऊ."

"ते दिसायलंय," भाऊ म्हणाले, आणि मिशीत हसले.

चौथ्या शुक्रवारी तिनं सापळा लावला. आठवं पान जुळवलं, पण 'खोळ' शब्द काढून तिथं 'शाल' घातला. रुंदी जवळजवळ सारखीच, उतार कुठंही ढळला नाही. ज्यानं नुसता आकार उचललाय त्याच्या ध्यानातही येणार नाही, असं तिला वाटत होतं.

प्रिंट हातात घेताच सत्यमचा चेहरा बदलला.

"इथं खोळ होतं."

"शाल काय वाईट? शहरातल्या लोकांना कळंल तरी."

"नाही." तो पहिल्यांदाच तिच्याशी कडक बोलला. "शाल घेऊन कुणी मेंढरं राखत नाही. खोळच पाहिजे. आणि... यातला एकही शब्द बदलायचा नाही. बाकीच्यांत काय करायचं ते करा. हिच्यात नाही."

"तुमचे वडील राखतात का मेंढरं?"

"नाही. त्यांची वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची अडत आहे."

"मग तुम्हाला काय ठाऊक खोळ कशी असती?"

त्यानं प्रिंट टेबलावर ठेवली. शालूनं खुर्ची पूर्ण वळवली. इतक्या जवळून, इतकं समोरासमोर ते कधी बसले नव्हते. त्याच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते. चोरी पकडली गेल्यावर माणूस चिडतो, असं तिचं गणित होतं. हा चिडला नव्हता. हा... थकल्यासारखा दिसत होता.

"इथं नको," तो हळूच म्हणाला. "सांगायचंय मला. पण इथं नको."

"मग कुठं?"

"तुम्ही सांगाल तिथं."

"उद्या संध्याकाळी, तुमची कंपनी सुटल्यावर. हिमायत बागेत. गेटापाशी," शालू म्हणाली. आणि आपण एका मुलाला बागेत बोलावलं, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

*

बागेच्या गेटावर पेरूची गाडी होती. त्यानं दोन पेरू चिरून, मीठ-तिखट लावून घेतले. आत जाऊन चिंचेखालच्या कट्ट्यावर दोघं बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. त्यानं पेरूला हातही लावला नाही.

"मी सगळं सांगतो. मग तुम्ही फाइल परत केली तरी चालेल."

"बोला."

"सात वर्षं झाली. मी तंत्रनिकेतनला होतो. तात्या, म्हणजे माझे वडील, माझ्या ड्रॉइंगला रेघोट्या म्हणायचे. 'अडतीवर बसायचं सोडून रेघोट्या काय ओढतो रे?' आमच्याकडं भित्तिपत्रकांचं प्रदर्शन होतं. तात्या येणार होते. पहिल्यांदाच. आणि माझ्याकडं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडं कन्नडच्या कॉलेजचा वार्षिकांक हाताला लागला. त्यात ही कविता." तो थांबला. "खाली नाव होतं — बिननावी. मी ती मोठ्या कागदावर काढली. 'कोरडी'चं 'कोरडा', 'लिहितेय'चं 'लिहितोय' केलं, आणि खाली माझं नाव टाकलं."

"का?"

"बिननावी म्हणजे कुणाचीच नाही, असं मी मनाला समजावलं. खोटं होतं ते. तेव्हाही ठाऊक होतं."

वरून चिंचेची बारीक पानं पडत होती. एक त्याच्या मनगटावर येऊन बसलं. त्यानं ते झटकलं नाही.

"तात्या आले. त्या कागदासमोर उभे राहिले. ओठ हलवत एकेक ओळ वाचली. आणि... उपरण्यानं डोळे पुसले. मला म्हणाले, 'तुला माझं एवढं कळतं व्हय रे?' त्यांना वाटलं, तो बाप म्हणजे तेच. त्या वेळी मला सांगता आलं नाही. नंतर तर कधीच आलं नाही. तो कागद फ्रेम करून अडतीवर लावलाय त्यांनी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात."

"अन् म्हणून पुस्तकातपण तुमचीच म्हणून घातली?"

"नाही! पुस्तकात तिच्याखाली लिहायचंय की ही माझी नाही. तिच्यापायी तर मी लिहायला लागलो. किटली, विंचू, जिना... सगळं तिच्या मागं चालत आलं. मी शोधतोय तिला. कन्नडला दोनदा जाऊन आलो, कुणाला काही सांगता येईना. फेसबुकवर टाकलं, तर चार जणींनी कळवलं, आमचीच कविता. एकीला खोळ म्हणजे उशीची खोळ वाटत होती."

शालूला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही. एवढे दिवस ज्याला चोर ठरवलं तो चोरच होता. पण आपण समजत होतो तसला नव्हता.

"मग मला पहिल्याच दिवशी का नाय सांगितलं?"

"तुम्ही विचारलं तेव्हा तुमचे डोळे... पोलीस बघतात तसे बघत होते. मी घाबरलो. नंतर मग दर शुक्रवारी वाटायचं, सांगितलं तर उद्यापासून इथं बसता येणार नाही."

ती पेरूच्या फोडीकडं बघत म्हणाली, "ती माझी हाय."

"काय?"

"कविता. ती बिननावी म्हंजे मी. बाप माझा हाय. रामहरी सोन्नर. पिशोरचा."

त्याच्या चेहऱ्यावर आधी एकदम उजेड आला. अगदी क्षणभर. आणि मग शालूनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तो उजेड मावळला आणि तिथं ती गोष्ट आली जी महिनाभर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होती.

"तुमची," तो सावकाश म्हणाला. "बरं... अंक कोणत्या सालचा होता? मुखपृष्ठावर काय होतं?"

शालू उठून उभी राहिली.

"तुम्ही उचलली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का मुखपृष्ठावर काय हाय ते?"

"तसं नाही... आधी चौघींनी..."

"मी पाचवी नाय. अन् मी परीक्षेला बसले नाय. कळलं?"

ती निघाली. तो मागून दोनदा हाक मारत आला. ती थांबली नाही. गेटाबाहेर रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की मुठीत अजून पेरूची फोड आहे आणि तिखटानं हात चुरचुरतोय.

*

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही.

पळाला, शालू म्हणाली. तिनं बाकीची सगळी पुस्तिका पुरी केली. विंचवाची नांगी, जिन्याच्या बावीस पायऱ्या. वेणीसुद्धा जुळवली, दोनदा मोडून पुन्हा जुळवली, एकही अक्षर तुटू दिलं नाही. फक्त आठवं पान कोरं ठेवलं. दुपारी स्टूल मोकळं दिसायचं. भाऊंनी त्यावर कागदाचे गठ्ठे ठेवले, तर तिनं ते खाली काढून ठेवले आणि वरून त्यांनाच विचारलं, "इथं कशाला ठेवता अडचण?"

खरं सांगायचं तर तिला राग त्याच्या संशयाचा आला नव्हता. त्या जागी ती असती तर तिनं याहून वाकडे प्रश्न विचारले असते. राग याचा होता की तिनं आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं 'ती मी' असं म्हटलं होतं, आणि समोरच्याचा चेहरा पडला होता.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी दुकानासमोर एक जीप थांबली. आतून पांढरा शर्ट, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं असा धिप्पाड माणूस उतरला आणि दार लहान असल्यासारखा वाकून आत आला. मागून सत्यम. त्याच्या हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी फ्रेम.

"त्या कवितेतला बाप कुणाचा इथं?" धिप्पाड माणसानं विचारलं.

राजकुमारभाऊ गोंधळून उठले. शालू पुढं आली. "माझा हाय."

"मी तात्यासाहेब ठोंबरे. ह्याचा बाप." त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, मार्केटात माल बघावा तसं, पण डोळ्यांत धार नव्हती. "ह्यानं मला अडतीवर येऊन सगळं सांगितलं, पोरी. चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत. मी म्हणलं, कुण्या पोरीची कविता म्हणतो, तर पुरावा काय? हा म्हणतो, तात्या, पुरावा मागितला तीच चूक झाली."

शालूनं सत्यमकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता. डाव्या गालावर आज घडी नव्हती; दाढी वाढली होती.

"सात वर्षं," तात्यासाहेब स्टुलावर बसले, आणि स्टूल जीव खाऊन करकरलं. "सात वर्षं मी सांगत आलो, ह्या कवितेतला बाप मी हाय म्हणून. मेंढरू मी कधी राखलं नाय. पण म्हणलं, पोरानं आपल्याला तसं बघितलं असंल. पावसात बसलेलं. एकटं." त्यांचा आवाज जरा खाली गेला. "ह्याची आई गेली तवा मी खळ्यावर असाच बसायचो. मला वाटलं, ह्यानं ते बघितलं."

शालूच्या मनात किती दिवसांचं धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं.

"काका," ती म्हणाली, "त्यांनी बघितलंच असंल. नायतर एवढ्या रद्दीतून हीच कशी हाताला लागली असती?"

तात्यासाहेबांनी फ्रेम घेतली, कागद सोडवला आणि ती तिच्या टेबलाला टेकवून ठेवली. मोठ्या कागदावर, काळ्या शाईत, तिचा बाप. 'कोरडा' खोडून पुन्हा 'कोरडी', 'लिहितोय' खोडून पुन्हा 'लिहितेय' केलेलं, आणि खाली एका कोपऱ्यात 'सत्यम ठोंबरे' वर एक सरळ रेघ मारलेली.

"ही तुझी. तुझं नाव घाल त्याच्यात. अन् मला एक दे परत. माझ्या भिंतीवर खिळा मोकळा पडलाय." ते उठले, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, चहा पाजा. ह्या दोघांचं काय असंल ते होऊ द्या."

भाऊंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुकान सोडून चहाला जावंसं वाटलं.

सत्यम दारापाशीच उभा होता. "मी परीक्षा घेतली. चुकलो."

"मी महिनाभर घेतली," शालू म्हणाली. "खोळ मीच काढली होती. मुद्दाम."

त्यानं मान वर केली. "मुद्दाम?"

"बघायचं होतं, तुम्हाला कळतंय का."

"कळलं ना..."

"कळलं. म्हणूनच तर राग आला." ती खुर्चीवर बसली, कॉम्प्युटरकडं तोंड करून. वेणी पाठीवर होती. तशीच राहू दिली. "अजून संशय हाय का माझ्याबद्दल?"

"नाही. तुम्हाला?"

"मला एक हाय." बोटं कळफलकावर नुसतीच ठेवलेली. "ती वेणी... कुणाला बघून केली?"

मागं स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"शालू," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "तुला बघून. तुझीच आहे. आणि या एका कवितेबद्दल कुणी मला काहीही विचारलं तरी मी पंख्याकडं बघणार नाही."

ती वळली नाही. पण स्क्रीनच्या काचेत त्याला तिचं हसू दिसलं असणार, कारण डाव्या गालावरची घडी तिला तिथंच दिसली.

"आठवं पान जुळवायचं राहिलंय," ती म्हणाली. "मापं सांग."

*

पुस्तिका संक्रांतीच्या आधी छापून आली. आठव्या पानाखाली लिहिलं होतं: शालू रामहरी सोन्नर. पुढच्याच शुक्रवारी दोघं पिशोरला गेले.

रामहरीनं मेंढरं एका शेतकऱ्याच्या मका काढलेल्या रानात बसवली होती. दुपारची वेळ, पण डोंगराकडून गार वारा सुटलेला. कडेला तीन दगडांच्या चुलीवर कस्तुराबाई भाकरी टाकत होती, आणि रामहरी बांधाला घोंगडी अंथरून बसला होता. लेकीबरोबर कुणी पोरगा चालत येतोय, हे त्यानं लांबूनच बघितलं होतं, आणि तेव्हापासून तो सत्यमवरून नजर काढत नव्हता.

शालूनं पुस्तिका उघडून त्याच्या हातात दिली. रामहरीला अक्षर येत नव्हतं. तिनं वाचून दाखवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "थांब."

त्यानं पान जरा लांब धरलं. मग जवळ घेतलं. काळं पडलेलं जाड बोट वरच्या टोकावरून सावकाश खाली आणलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"हे तर कुणीतरी खोळ घेऊन बसलंय," तो म्हणाला. "पावसात." आणि मग, जरा वेळानं, "मी हाय का गं हे?"

"व्हय, आबा."

कस्तुराबाई पिठाचे हात तसेच घेऊन बघायला आली. तिनं पान बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पान मिटायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शेवटी त्यानं ते उघडंच मांडीवर ठेवलं, आणि हनुवटीनं सत्यमकडं खूण केली.

"अन् ह्यो कोन?"

शालूनं सत्यमकडं बघितलं. तो कंपनीतले बूट घालून काळ्या ढेकळांत उभा होता आणि एक मेंढी त्याची पँट हुंगत होती.

"ह्यानं माझी कविता चोरली होती, आबा."

रामहरीचा हात काठीकडं गेला. "अन् आता?"

"आता परत द्यायला आलाय."

"मंग दिली न्हवं? आता जाऊ दे की त्याला."

वारा एकदम पडल्यासारखा झाला. कस्तुराबाईनं तव्यावरची भाकरी उलटवली, कान मात्र इकडंच होते.

"नको, आबा," शालू म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण ती खाली बघत नव्हती. "राहू दे त्याला."

रामहरीनं सत्यमला नीट बघून घेतलं. बूट, पँट, खिशातली पट्टी, चेहरा. चेहऱ्यावर तो जास्त वेळ थांबला. तेवढ्यात कस्तुराबाईनं गरम भाकरीवर लसणाची चटणी घालून ती सत्यमच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांत धरली, चटका बसला तरी सोडली नाही.

"उभ्या उभ्या भाकर खातेत व्हय तुमच्या गावाकडं?" रामहरी म्हणाला, आणि घोंगडीवर जरा बाजूला सरकला. "बस."